हॉकी संघाचा पॅच: आधी जर्सी, मग चित्र

संघाचा पॅच करायचं ठरलं की बहुतेक जण आधी चित्र काढायला बसतात. दोन स्टिक तिरक्या ठेवल्या, मध्ये वाघाचं तोंड, वर संघाचं नाव, खाली स्थापनेचं वर्ष. स्क्रीनवर ते झोकात दिसतं. पॅच तयार होऊन येतो तेव्हा वर्षाचे आकडे बुजलेले असतात, शर्टाला छातीपाशी झोळ पडतो आणि चार धुण्यांत कडा उचकटायला लागते. अशा वेळी दोष भरतकाम करणाऱ्याला दिला जातो, पण खरी चूक क्रमाची असते. पॅच म्हणजे एका कापडावर शिवलेलं दुसरं कापड. ज्यावर तो शिवायचा ते कापड कसं आहे, ते कळल्याशिवाय पॅचचा आकार, वजन, पाठ (म्हणजे मागचा थर) यातलं काहीच ठरवता येत नाही. म्हणून आधी जर्सी, मग जागा, मग पॅचचा प्रकार आणि चित्र त्यानंतर.

जर्सी हातात घ्या

आइस हॉकीची जर्सी जाड, जाळीदार पॉलिस्टर विणीची असते. ती खांद्याच्या आणि छातीच्या पॅडवरून घालायची म्हणून ऐसपैस शिवलेली असते आणि खांद्यावर बऱ्याचदा कापडाचा दुहेरी थर असतो. असं कापड जड पॅच सहज पेलतं. मैदानी हॉकीचा शर्ट याच्या अगदी उलट. पातळ, एकेरी, ताणला जाणारा, अंगालगत बसणारा आणि घामाने भिजला की आणखी लोंबणारा. त्यावर आइस हॉकीला शोभेल असा जाडजूड पॅच लावला की कापड खाली ओढलं जातं आणि पॅचच्या वरच्या कडेला चुण्या पडतात. मैदानी हॉकीच्या शर्टावर पॅच हलकाच हवा, यात तडजोड करू नका.

जागा ठरवायला कागद पुरतो. जाड कागदाचे तीन मापांचे तुकडे कापा, उदाहरणार्थ ७०, ८५ आणि १०० मिलिमीटर. खेळाडूला सगळं संरक्षक साहित्य चढवायला लावा, वर जर्सी घाला आणि तुकडे कागदी चिकटपट्टीने लावून बघा. हात वर करायला सांगा, स्टिक धरून वाकायला सांगा. कागद जिथे दुमडतो तिथे पॅचही दुमडणार. आइस हॉकीत खांद्याच्या पॅडचा उंचवटा गोलसर असल्याने १०० मिमीच्या पुढे गेलात तर ताठ पॅच त्या गोलाईवर नीट बसत नाही, मधोमध फुगतो. बाहीवर क्रमांक असतील तर ते कुठे सुरू होतात तेही याच वेळी मोजून ठेवा.

मुलांचा संघ असेल तर ही चाचणी संघातल्या सगळ्यात लहान जर्सीवर करा. लहान जर्सीवर जो पॅच बसतो तो मोठीवरही चालतो. उलट मात्र जमत नाही, आणि दोन मापांचे पॅच म्हणजे दोन वेगळी कामं.

ढोबळ मापं सांगायची तर मैदानी हॉकीच्या शर्टावर छातीच्या डाव्या बाजूला ६५ ते ८० मिमी, आइस हॉकीच्या खांद्यावर ७५ ते १०० मिमी. आइस हॉकीच्या जर्सीवर समोर मधोमध जे २५ ते ३० सेंटीमीटरचं मोठं बोधचिन्ह असतं, त्याला सहसा पूर्ण भरतकाम करत नाहीत. ट्विल, म्हणजे तिरप्या विणीच्या घट्ट कापडाचे वेगवेगळ्या रंगांचे तुकडे कापून, एकावर एक ठेवून कडेने झिगझॅग टीप मारतात. त्याला टॅकल ट्विल म्हणतात. एवढा आकार भरतकामाने भरला तर तो पुठ्ठ्यासारखा ताठ होतो आणि वाकताना हनुवटीखाली टोचतो.

गोलरक्षकाला विसरू नका. मैदानी हॉकीत पूर्ण साहित्य घालणाऱ्या गोलरक्षकाचा शर्ट दोन्ही संघांच्या रंगांहून वेगळा असावा लागतो. म्हणजे तुमचा पॅच किमान दोन, आणि पाहुण्या मैदानावरचा शर्ट वेगळा असेल तर तीन रंगांवर दिसणार आहे. निळ्या शर्टावर निळ्या काठाचा पॅच सुबक दिसतो. तोच पिवळ्या शर्टावर ठिगळासारखा वाटू शकतो. सगळ्या रंगांवर चालेल असा काठ हवा असेल तर पांढरा, काळा किंवा गडद राखाडी घ्या.

कर्णधाराची खूण

आइस हॉकीत कर्णधाराला ‘सी’ आणि सहकर्णधारांना ‘ए’ हे रोमन अक्षर लावतात. नॅशनल हॉकी लीग या उत्तर अमेरिकेतल्या व्यावसायिक आइस हॉकी लीगच्या नियमांत हे अक्षर साधारण ३ इंच, म्हणजे सुमारे ७५ मिमी उंच, जर्सीच्या रंगावर उठून दिसणारं आणि समोर ठळक जागी असावं असं म्हटलं आहे. डाव्या छातीवर लावण्याची रीत आहे. त्या नियमांनुसार गोलरक्षकाला कर्णधाराचे अधिकार मिळत नाहीत, म्हणून गोलरक्षकाच्या जर्सीसाठी ही अक्षरं मागवण्यात अर्थ नाही. तुमच्या स्पर्धेचे नियम वेगळे असू शकतात, म्हणून अक्षराचं माप आयोजकांकडून लेखी घ्या आणि मगच काम सुरू करा.

मैदानी हॉकीत अक्षर नसतं. कर्णधाराने दंडावर, खांद्यावर किंवा मोज्याच्या वरच्या भागावर पट्टी किंवा तशीच वेगळी दिसणारी खूण घालायची असते. त्यामुळे तिथे कर्णधाराचा पॅच शर्टावर कायमचा शिवू नका. लवचिक पट्टीवर शिवला की कर्णधार बदलला तरी पट्टी फक्त हात बदलते.

कोणता पॅच घ्यावा

भरतकामाचा पॅच सगळ्यात ओळखीचा. खाली ट्विल कापड, वर पॉलिस्टर धाग्याचे टाके. यात धाग्याने किती भाग झाकायचा ते ठरवावं लागतं. साधारण निम्मा भाग झाकला तर पार्श्वभूमीचं ट्विल उघडं राहतं, पॅच हलका आणि मऊ राहतो. पाऊण भाग झाकला तर चित्राला भरीवपणा येतो. पूर्ण झाकलेला पॅच श्रीमंत दिसतो, पण जड आणि ताठ होतो. आइस हॉकीच्या खांद्याला पाऊण किंवा पूर्ण चालतो. मैदानी हॉकीला निम्म्यावर थांबा.

विणलेला पॅच वेगळा. त्यात चित्र वर टाकलेलं नसतं, मागातच बारीक धाग्याने विणलेलं असतं. तो पातळ, सपाट आणि तपशिलाला फार चांगला. संघाच्या चिन्हात बारीक मजकूर, ढालीवरचे छोटे भाग, पक्ष्याची पिसं असं काही असेल आणि शर्ट पातळ असेल तर विणलेलाच घ्या. भरतकामाचा उठाव त्यात मिळत नाही, पण हलक्या शर्टावर तो उठावच गोत्यात आणतो.

पीव्हीसीचा रबरी पॅच किटबॅगेवर उत्तम. पाण्याने पुसता येतो, धागे निघत नाहीत. खेळाच्या जर्सीवर मात्र नको. घाम आणि हवा अडते, आणि त्याचं वजन पातळ विणीला ओढतं. शेनिल, म्हणजे टॉवेलसारखा लोकरी उठाव असलेला पॅच, जाकिटांसाठी आहे. वेल्क्रोत आणि स्टिकच्या टेपमध्ये त्याचे फासे अडकून ओढले जातात. छापील पॅचवर छायाचित्र किंवा एका रंगातून दुसऱ्यात विरघळणाऱ्या छटा मिळतात, ज्या धाग्याने नीट साधत नाहीत. स्पर्धेच्या आठवणीसाठी तो ठीक.

चित्र तयार करताना

भरतकामात नेहमी वापरतात तो ४० नंबरचा धागा टाक्यात साधारण ०.४ मिमी जागा घेतो. ही एक संख्या लक्षात ठेवली की पुढचे बहुतेक नियम पाठ करावे लागत नाहीत. १ मिमी जाडीच्या रेषेत जेमतेम दोन-तीन धागे मावतात, म्हणून त्याहून बारीक रेषा एकतर तुटक दिसते किंवा नाहीशी होते. दोन आकारांमधली मोकळी फट १ मिमीपेक्षा कमी असेल तर दोन्हीकडचे टाके तिच्यात सरकून ती बुजते. रोमन मोठी अक्षरं ५ मिमी उंचीपर्यंत वाचता येतात, ६ असतील तर निर्धास्त. ६० नंबरचा बारीक धागा वापरला तर ४ मिमीपर्यंत जाता येतं, पण प्रत्येक ठिकाणी तो धागा आणि त्याला लागणारी बारीक सुई असतेच असं नाही. आधी विचारा.

देवनागरीसाठी हे आकडे पुरत नाहीत. आपल्या अक्षराला वर मात्रा, वेलांटी, अनुस्वार आणि खाली उकार, रफार डोक्यावर. ५ मिमीत हे सगळं कोंबलं तर अनुस्वाराचा ठिपका शिरोरेखेला चिकटतो आणि ‘ध’ व ‘घ’ यांतला फरक मिटतो. मूळ अक्षर, म्हणजे शिरोरेखेपासून पायापर्यंत, किमान ८ मिमी ठेवा आणि मात्रांसाठी वर-खाली प्रत्येकी ३ ते ४ मिमी मोकळी जागा सोडा. सारख्या जाडीच्या, ठसठशीत वळणाचा फाँट निवडा. बोरूच्या वळणाचं अक्षर कागदावर कितीही देखणं असलं तरी त्याचा बारीक भाग धाग्यात टिकत नाही. ८ मिमीला जागा नसेल तर नाव छोटं करा, फक्त आद्याक्षरं घ्या, किंवा नाव काढून चिन्हच ठेवा. खेळ चालू असताना पॅचवरचं नाव कुणी वाचत नाही. आकार आणि रंग ओळखतात.

देवनागरी मजकूर असलेली फाइल पाठवण्याआधी अक्षरांचं आकृतीत रूपांतर करून घ्या. तसं न करता पाठवलं आणि समोरच्या संगणकात तो फाँट नसला, किंवा त्यांचं सॉफ्टवेअर देवनागरी नीट जोडत नसलं, तर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाते आणि जोडाक्षरं हलन्त होऊन सुटी पडतात. समोरच्याला लिपी येत नसेल तर ही चूक त्याच्या लक्षात येणार नाही. पक्क्या नमुन्यावर अक्षर न् अक्षर तुम्हालाच तपासायचं आहे.

फाइल व्हेक्टर स्वरूपात, म्हणजे कितीही मोठी केली तरी कडा न फुटणाऱ्या रेषांच्या रूपात द्या: एआय, एसव्हीजी किंवा व्हेक्टर असलेली पीडीएफ. मोबाइलवरून आलेली जेपीजी असेल तर समोरचा माणूस ती नव्याने गिरवतो, आणि त्याने डोळ्यांच्या अंदाजाने मारलेली वळणं तुमच्या चिन्हात कायमची बसतात.

रंग सहा-सातच्या वर नेऊ नका. प्रत्येक रंगाला धागा बदलतो आणि दोन रंग जिथे भेटतात तिथे फट दिसण्याची शक्यता वाढते. रंग सांगताना ‘आकाशी’, ‘मरून’ असे शब्द पुरेसे नाहीत आणि स्क्रीनवरचा रंगही भरवशाचा नाही. पँटोन या प्रमाणित रंगकार्डावरचा क्रमांक द्या आणि धाग्याच्या कार्डवर त्याच्या जवळचा धागा कोणता तो क्रमांक परत मागून घ्या. धाग्याला चमक असते, त्यामुळे तोच रंग जर्सीच्या निस्तेज कापडाशेजारी थोडा उजळ वाटतो. जर्सीचा छोटा तुकडा पाठवणं शक्य असेल तर त्यासारखं दुसरं काही नाही.

एखाद्या व्यावसायिक क्लबचं बोधचिन्ह उचलून त्यात फक्त नाव बदलणं टाळा. ती नोंदणीकृत चिन्हं असतात, आणि काही जण असं काम घ्यायलाच नकार देतात. ऐन हंगामाच्या तोंडावर नकार आला तर नवीन चित्राला वेळ उरत नाही.

चित्रापासून टाक्यांपर्यंत

तुमचं चित्र यंत्र थेट वाचत नाही. कोणता भाग कोणत्या टाक्याने, कोणत्या दिशेने, कोणत्या क्रमाने भरायचा हे एक माणूस ठरवतो. त्याला डिजिटायझिंग म्हणतात, आणि पॅचचा दर्जा यंत्रापेक्षा इथे जास्त ठरतो. अक्षरांना आणि अरुंद पट्ट्यांना सॅटिन टाका, म्हणजे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जाणारे चकचकीत धागे. तो ७ मिमीच्या पुढे रुंद केला तर धागे सैल पडून कशातही अडकतात, म्हणून मोठ्या भागाला छोट्या टाक्यांचा भराव करतात.

टाका घट्ट बसताना कापड त्याच्या दिशेने आकसतं. त्यामुळे स्क्रीनवरचं वर्तुळ शिवल्यावर किंचित लंबगोल होतं आणि भराव व काठ यांच्यात कापडाची बारीक रेघ उघडी पडते. जाणकार माणूस आधीच आकार ०.२ ते ०.४ मिमीने वाढवून ठेवतो आणि खाली आधाराचे टाके घालतो. तुमच्या नमुन्यात अशी रेघ दिसली तर ‘धागा वाढवा’ म्हणू नका. ‘भराव काठाखाली सरकवा’ म्हणा. धागा दाटला तर पॅच वाटीसारखा वळतो.

काठ

काठ दोन प्रकारचे. पहिला मेरो काठ: खास ओव्हरलॉक यंत्राने कडेभोवती गुंडाळलेला, ३ ते ४ मिमी रुंद, दोरखंडासारखा गोल उठावाचा. तो सगळ्यात टिकाऊ. पण ते यंत्र कापड फिरवत फिरवत शिवतं, म्हणून गोल, अंडाकृती, गोलसर कोपऱ्यांची ढाल असे सोपे आकारच त्याला जमतात. आत वळणारे खाचे, वाघाचे कान, तिरक्या स्टिकची टोकं त्याला जमत नाहीत. मेरो काठाचा शेवट एका छोट्या शेपटीत होतो, ती मागे वळवून चिकटवलेली असते. ती सुटली तर काठ तिथूनच उसवायला लागतो. शिवताना तिच्यावरून टीप गेलीच पाहिजे.

दुसरा, सॅटिन टाक्याचा काठ भरून बाहेरून लेझरने किंवा तापलेल्या सुरीने कापलेला. कोणताही आकार मिळतो. इथे मूळ कापड शुद्ध पॉलिस्टर आहे का ते विचारा. पॉलिस्टर कापताना वितळून कडा बंद होते. सुती मिश्रण असेल तर सूत वितळत नाही, जळतं, आणि काही धुण्यांनंतर तिथून तंतू डोकावतात.

खेळाच्या जर्सीसाठी आमची पसंती मेरोला. त्यासाठी चिन्ह सोप्या आकारात बसवावं लागलं तरी बसवा. टोकदार आकाराच्या पॅचचं टोकच आधी उचकटतं.

पाठ

पॅचच्या मागे काय लावायचं यावर सगळ्यात जास्त गैरसमज आहेत. इस्त्रीने चिकटणारी पाठ सोयीची वाटते, पण खेळाच्या जर्सीवर फक्त तिच्या भरवशावर राहू नका. तिचा गोंद वितळून नीट बसायला बहुधा १५० ते १६५ अंश सेल्सिअस उष्णता, १५ ते २० सेकंद आणि भक्कम दाब लागतो. घरच्या इस्त्रीत तापमान सगळीकडे सारखं नसतं आणि दाब तर फारच कमी पडतो. शिवाय जाळीदार कापडाला भोकंच भोकं. गोंदाला धरायला जागा थोडी, तीही रोज घामाने भिजणारी.

याहून मोठी अडचण रंगाची. सबलिमेशनने छापलेल्या पॉलिस्टर जर्सीत रंग उष्णतेनेच घातलेला असतो आणि पुन्हा उष्णता मिळाली की तो सुटून वरच्या पॅचमध्ये शिरतो. लाल जर्सीवरचा पांढरा पॅच गुलाबी होतो. कधी लगेच, कधी काही दिवसांनी. एकदा झाल्यावर तो रंग निघत नाही. जर्सी सबलिमेशनची असेल तर साधी, शिवायची पाठ घ्या आणि इस्त्री लांब ठेवा.

वेल्क्रोची पाठ सरावाच्या जाकिटांना आणि बॅगांना ठीक. खरखरीत बाजू पॅचला आणि मऊ बाजू कपड्याला, हे कधी उलटं करू नका, नाहीतर पॅच काढल्यावर खरखरीत बाजू धुताना शेजारच्या जर्सीच्या जाळीतून धागे ओढते. सामन्यात मात्र वेल्क्रो नको. धक्काबुक्कीत पॅच निघून पडतो.

किती आणि कधी मागवायचे

हिशेब खेळाडूंवर करू नका, जागांवर करा. २० खेळाडू, प्रत्येकी घरची आणि बाहेरची अशा २ जर्सी, प्रत्येक जर्सीवर २ खांदे: ८० पॅच. त्यावर प्रशिक्षक आणि व्यवस्थापकांची जाकिटं. त्याच्याही वर १० ते १५ टक्के जादा, कारण हंगामात नवे खेळाडू येतात, जर्सी फाटतात, आणि शिवताना एखादा तिरका जातो. म्हणजे शंभराच्या आसपास. नंतर दहाच पॅच पुन्हा करून घ्यायला गेलात तर यंत्र लावण्याचा खर्च पुन्हा पूर्ण पडतो आणि धाग्याच्या नव्या लॉटचा रंग किंचित वेगळा निघू शकतो.

दोन्ही खांद्यांसाठी चित्र एकच आहे का हेही ठरवा. प्राण्याचं तोंड दोन्हीकडे पुढेच हवं असेल तर एक पॅच आरशातल्यासारखा उलटा लागतो. म्हणजे दोन वेगळी डिझाइनं, आणि नावं उलटी होणार नाहीत याची काळजी.

माप सांगताना फक्त ‘८ सेंटीमीटर’ लिहू नका. रुंदी आणि उंची वेगळी लिहा, आणि माप काठासह आहे असं स्पष्ट करा. पुष्कळ ठिकाणी दर रुंदी आणि उंचीच्या सरासरीवर ठरतो. ८० बाय ६० चा पॅच ७० मिमीचा धरतात. काठ आत धरला नाही तर ८० चा पॅच ८७ होऊन येतो.

पहिल्या सामन्याच्या दिवसापासून मागे मोजा. शिवायला एक आठवडा, पोहोचायला लागणारे दिवस, उत्पादन, नमुना आणि त्यातली एक दुरुस्ती. दोन महिने हाताशी असतील तर घाई होत नाही.

नमुना बघताना

संगणकावरचं चित्र हा नमुना नव्हे. शिवलेल्या पॅचचा फोटो मागा, शक्य असेल तर पॅचच मागवा. फोटो मोजपट्टीसकट आणि मागच्या बाजूचाही हवा. मागे सॅटिन टाक्याच्या मधोमध साधारण एक तृतीयांश रुंदीत बॉबिनचा, म्हणजे यंत्राच्या खालच्या रिळाचा धागा दिसला तर ताण बरोबर आहे. बॉबिनचा पांढरा धागा पुढे डोकावत असेल तर वरचा ताण जास्त किंवा खालचा कमी आहे.

पॅच टेबलावर ठेवा. कडा वर उचललेल्या दिसल्या तर टाके दाट आहेत किंवा खालचा आधार कमी आहे. अंगठ्याने अक्षरं आडवी घासा, धागे सरकून खालचं कापड दिसलं तर टाके विरळ आहेत. मग पाच पावलं मागे जाऊन बघा. तिथून जे ओळखू येत नाही, ते चित्रातून काढून टाकायची हीच वेळ.

शिवणं

वीस जर्सींवर पॅच एकाच जागी बसायला पुठ्ठ्याचा साचा करा. मैदानी हॉकीच्या मोठ्या मापाच्या शर्टावर कॉलरशेजारच्या खांद्याच्या शिवणीपासून १८ ते २२ सेमी खाली आणि मधल्या रेषेपासून १० ते १२ सेमी बाहेर पॅचचा मध्य येतो. ‘डावी बाजू’ म्हणजे घालणाऱ्याची डावी. जर्सी टेबलावर समोर पसरली की ती तुमच्या उजव्या हाताला येते. सगळा गठ्ठा चुकीच्या बाजूला शिवला जातो तो इथेच गोंधळ झाल्यामुळे.

१. जर्सी नवी असेल तर आधी एकदा धुऊन वाळवा. नाहीतर पहिल्या धुण्यात जर्सी आटते, पॅच आटत नाही, आणि भोवती चुण्या येतात.

२. जर्सी सपाट पसरा, अजिबात ताणू नका. साच्याने खडूची खूण करा.

३. पॅच टाचण्यांऐवजी मोठ्या कच्च्या टाक्यांनी बसवा. टाचण्या जाड पॅच वाकवतात आणि तो सरकतो. शर्ट पातळ असेल तर आतून पातळ, न ताणणाऱ्या अस्तराचा तुकडा ठेवा, पॅचपेक्षा १ सेमी मोठा.

४. मशीनला गोल टोकाची ९०/१४ सुई लावा. टोकदार सुई विणीचे धागे तोडते आणि तिथे पुढे भोक वाढत जातं. दुहेरी खांद्यावर जाड पॅच असेल तर १००/१६. वर पॅचच्या काठाच्या रंगाचा पॉलिस्टर धागा, बॉबिनमध्ये जर्सीच्या रंगाचा. सुती धागा घामाने लवकर कुजतो.

५. जर्सीचा मागचा भाग किंवा दुसरी बाही खाली आली नाही ना, हात घालून बघा. बाही बंद शिवली जाणं ही रोजची चूक आहे.

६. कोपऱ्यापासून नको, सरळ बाजूच्या मध्यापासून सुरुवात करा. मेरो काठाच्या आतल्या खाचेत टीप घाला, टाक्याची लांबी २.५ ते ३ मिमी. टीप तिथे लपते. वळणावर सुई कापडात ठेवून दाबपट्टी उचला, जर्सी थोडी फिरवा, पुन्हा खाली सोडा. कापलेल्या काठाचा पॅच असेल तर ३ मिमी रुंदीचा झिगझॅग काठावरून घाला.

७. सुरुवातीच्या टिपेवर २ सेमी पुढे जाऊन थांबा, धागे आत ओढून गाठ मारा, कच्चे टाके काढा. बाहेर उरलेलं अस्तर कात्रीने गोल कापा.

हाताने शिवत असाल तर दुहेरी धागा आणि बारीक उलटी टीप. धावदोरा घालू नका, एक टाका तुटला की सगळी बाजू सुटते.

धुणं आणि पुढच्या हंगामात

जर्सी उलटी करून, गार किंवा फार तर ३० अंशांच्या पाण्यात धुवा. ब्लीच नको. गरम ड्रायर टाळा, त्यात पॅच आणि जर्सी वेगवेगळी आकसतात आणि चिकटवलेली पाठ सुटते. भिजलेली जर्सी बॅगेत रात्रभर ठेवली तर गडद धाग्याचा किंवा जर्सीचा रंग शेजारच्या पांढऱ्या टाक्यांत उतरू शकतो. सामन्यानंतर ती बाहेर काढून टांगा.

जुन्या जर्सीवरून पॅच काढायचा असेल तर टाके जर्सीच्या आतल्या बाजूने, बॉबिनच्या धाग्याकडून उसवा. दर तिसरा-चौथा टाका कापला की वरचा धागा अखंड ओढून निघतो आणि मेरो काठाला ओरखडा येत नाही. असा पॅच दुसऱ्या जर्सीवर पुन्हा शिवता येतो.

काम संपल्यावर करणाऱ्याकडून टाक्यांची फाइल मागून घ्या, बहुधा ती डीएसटी प्रकारची असते. त्या फाइलमध्ये खरे रंग साठवलेले नसतात, फक्त धागा कुठे बदलायचा तेवढं असतं. म्हणून धाग्याची कंपनी, प्रत्येक रंगाचा क्रमांक, क्रम, पॅचचं काठासह माप आणि पाठीचा प्रकार एका कागदावर लिहा. एक कोरा पॅच आणि तो कागद एकाच पाकिटात घालून संघाच्या सामानात ठेवा. पुढचे पॅच दुसऱ्या कुणी केले तरी ते पहिल्यांशी जुळतील.